जपानमध्ये लहान मुलीला घेऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबाचं रोजचं आयुष्य कसं असतं? सुटीच्या दिवशी कुठे जाता?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची तोक्योला बदली होतेय, मुलगी पाच वर्षांची आहे, आणि घरचे सगळे "तिथे भाषेची पंचाईत, खाण्याची पंचाईत, पोरीचं कसं होणार" म्हणून धास्तावलेत. 2018 साली मी पुण्याहून निघाले तेव्हा आमच्याकडेही हेच चाललं होतं, आणि आमची लेक तुमच्या मुलीएवढीच होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घराचं बघा. आम्ही तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा विभागात निशी-कासाईला राहतो. 2000च्या सुमारास संगणकवाली भारतीय मंडळी इथे यायला लागली, कारण तोझाई मेट्रो लाइनीनं शहराच्या मध्यातल्या ओतेमाचीची ऑफिसं वीस मिनिटांच्या आत येतात. आता तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता सगळं चालत्या अंतरावर मिळतं. 2019 मध्ये विभागाच्या नगरसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेही मराठीच. पण घर मिळवताना आम्हाला त्रास झाला. एका दलालानं तीन घरं दाखवायचं कबूल केलं आणि आडनाव ऐकल्यावर मालकांना परदेशी नकोत म्हणून कळवलं. त्या दिवशी मी फार रडले होते. मग कुणीतरी 'यूआर'ची घरं सुचवली. ही सरकारी संस्थेची घरं असतात, त्यांना जामीनदार लागत नाही, दलाली नाही आणि 'रेइकिन' म्हणजे मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कमही नाही. तुम्ही थेट तिथूनच सुरुवात करा.

आता शाळा. या भागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत आणि दोन वर्षांत परत जायचं असेल तर त्या सोयीच्या आहेत. त्याहून जास्त राहणार असाल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे: मुलीला घराजवळच्या जपानी सरकारी शाळेत घाला. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, त्यामुळे विभाग कार्यालयात जाऊन आपणच अर्ज करावा लागतो. फी नसते. या एका निर्णयानं आमचं इथलं आयुष्य बदललं, कारण मुलीच्या मागोमाग आम्हीही वस्तीत ओळखीचे झालो.

शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. त्याआधी सामानाची यादी येते, आणि ती यादी वाचून माझे हातपाय गळाले होते. पाठीवरचं 'रांदोसेरु' दप्तर सहज पन्नास हजार येनच्या पुढे जातं (तेच हवं असा नियम नाही, पण सगळ्या मुलांकडे असतं). शिवाय इनडोअर बुटांची पिशवी, खेळाच्या कपड्यांची पिशवी, जेवणाच्या ताटाखाली घालायचा रुमाल, वर्ग पुसायला घरी शिवलेली दोन फडकी, कारण वर्ग मुलंच झाडतात, पुसतात. पिशव्यांची मापं सेंटिमीटरमध्ये दिलेली. मला साधा टाकासुद्धा नीट मारता येत नाही. मी यादीचा फोटो सासूबाईंना पाठवला. त्यांनी आपल्या खणाच्या जुन्या साडीतून तीन पिशव्या शिवून कुरिअरनं पाठवल्या, गडद जांभळ्या, हिरव्या काठाच्या. नाडी ओवायच्या जागी त्यांनी दुहेरी शिवण घातली होती, "पोरं ओढतात" म्हणून. पहिल्या आठवड्यातच वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला फाटकाशी थांबवून पिशवीवर हात फिरवला आणि हे कापड कुठलं म्हणून विचारलं. माझी इथली पहिली मैत्रीण तीच.

त्याच यादीत 'बोसाई झुकिन' होती. ही जाड, अस्तर घातलेली टोपी. रोज ती खुर्चीवर गादीसारखी अंथरलेली असते आणि भूकंप आला की मुलं ती उचलून डोक्यावर ओढतात. दर थोड्या दिवसांनी तालीम होते. 7 ऑक्टोबर 2021च्या रात्री, पावणेअकराच्या सुमारास, फोन एकदम केकाटले आणि इमारत हलायला लागली. मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. लेक तिसरीत होती. झोपेतून उठून ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली, टेबलाचा पाय घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं माझा गाऊन ओढत "आई, आधी डोकं, डोकं झाक" म्हणाली. हलणं थांबल्यावर दार उघडून ठेवायचं, तेही तिनंच सांगितलं. लिफ्ट बंद पडली होती, बाकी आमच्याकडे काही झालं नाही. पण त्या रात्रीपासून माझा त्या शाळेवर पूर्ण विश्वास बसला.

भूकंपाइतकंच पुराचंही इथे मनावर घ्या. एदोगावाचा मोठा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 साली विभागानं घरोघर पाठवलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर या भागाबद्दल चक्क "इथे थांबू नका" अशा अर्थाचं वाक्य होतं. घर शक्यतो वरच्या मजल्यावर घ्या आणि पाणी, टॉर्च, कागदपत्रं यांची पिशवी दाराशी तयार ठेवा.

सकाळी मुलं आपली आपण चालत शाळेत जातात. पहिलीच्या मुलांच्या दप्तरावर पिवळं आवरण असतं, बाजूला धोक्याचा बझर लटकतो आणि चौकाचौकात आजी-आजोबा पिवळे झेंडे घेऊन उभे असतात. पहिले चार दिवस मी लांबून मागे जात होते. पाचव्या दिवशी चौकातल्या आजोबांनी मला हात जोडून घरी जायची खूण केली.

खाण्यात खरी अडचण आहे ती 'दाशी'ची, म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या माशापासून केलेल्या अर्काची. तुम्ही शाकाहारी आहात का, ते लिहिलेलं नाही. आम्ही आहोत. इथे 'निकु' म्हणजे मांस नको सांगितलं तरी उदोन नूडल्सचा रस्सा, मिसो सूप, अगदी उकडलेल्या पालकावरसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क किंवा कीस असतो. तेव्हा मासा नको, दाशी नको, असं दोन्ही वेगळं सांगायचं. शाळेत महिन्याचा जेवणाचा तक्ता आधी मिळतो. त्यावर मी लाल पेनानं खुणा करते आणि त्या दिवशी डबा देते. बाईंशी एकदा बोलून ठेवलं, मग कधी अडलं नाही.

कचऱ्याचे वार ठरलेले असतात. माझी पहिली पिशवी न उचलता, वर सूचनेचं स्टिकर लावून तिथेच ठेवलेली होती. शेजारच्या आजींनी मला बाटलीचं झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं, बाटली धुऊन चेपून, असं सगळं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रव्याचे लाडू नेऊन दिले.

सुटीच्या दिवशी लोक क्योतो आणि डिस्नेलँड विचारतात. ते एकदा करा. आमचे रविवार मात्र सायकलवर जातात. पुढे किंवा मागे मुलांची सीट असलेली 'मामाचारी' सायकल आल्या आल्या घ्या. निशी-कासाई स्टेशनाजवळच्या ग्योसेन बागेत छोटं प्राणिसंग्रहालय आहे, तिकीट नाही, लाल पांडा आहेत, आणि आम्ही आलो तेव्हा मुलांना गिनी पिग मांडीवर घेऊन बसता यायचं. कासाई रिनकाई पार्क समुद्रालगत आहे. तिथलं मत्स्यालय मोठ्यांना 700 येन, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट. ट्यूना माशांचे थवे एका प्रचंड टाकीत गरागरा फिरत असतात, माझी लेक तिथून हलायला तयार नसायची. बाहेरची पाणथळ किनारपट्टी 2018पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, हिवाळ्यात बदकांनी भरून जाते, आणि हवा स्वच्छ असली तर लांब फुजी पर्वत दिसतो. डोंगर हवा असेल तर ताकाओ. 599 मीटर उंची आहे, शिंजुकूहून केइओ लाइनीनं तासाच्या आत पायथ्याशी, आणि निम्मी चढण केबल कारनंही जाता येते. दशम्या आणि चटणी न्या. कचऱ्याचे डबे कुठेच नसतात, तेव्हा रिकामी पिशवीही न्या.

आणि एक जागा मी दर पाहुण्याला दाखवते. तोक्योतल्याच आसाकुसाजवळ सुमिदा नदीकाठी मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. शोदेन म्हणजे कांगितेन, आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, कुणाला दिसत नाही. नैवेद्य मोदकाचा नाही, पांढऱ्या मुळ्याचा. देवळातच मुळे विकायला ठेवलेले असतात, आणि कोरीवकामात जागोजागी दोन मुळ्यांची जोडी आणि पैशाची थैली. पहिल्या खेपेला मुलीनं स्वतःच्या हातांनी, जवळजवळ तिच्या दंडाएवढा जाड मुळा वाहिला. मला अथर्वशीर्ष पुटपुटताना भरून आलं, कारण ती पुण्याबाहेरची आमची पहिली चतुर्थी होती. वाहिलेले मुळे भाविकांना परत वाटतात. आम्हालाही एक मिळाला. घरी येऊन किसला, दही, दाण्याचं कूट आणि वरून हिरव्या मिरचीची फोडणी घातली, आणि त्या रात्री वरणभाताबरोबर प्रसाद म्हणून तीच कोशिंबीर झाली.

सामान भरताना कुकर, त्याच्या दोन जादा रिंगा आणि आईच्या किंवा सासूबाईंच्या कपाटातलं चांगलं जाड कापड आठवणीनं घ्या. पिशव्यांची मापं शाळा ठरली की मिळतील. ती जपानीत असली तर मला इथेच विचारा, वाचून सांगेन.