थेरपी घेतली तर लिहिणं आटतं का?

तुम्ही विचारलंय, ‘मी कविता करतो. डोक्यातला गुंता थेरपीत सुटला, तर लिहायला उरेल काय?’

मी फोंड्याचा. गावच्या जत्रेसाठी नाटकं लिहितो, अधूनमधून एकांकिका. याच भीतीने मी तीनदा वेळ घेऊन तीनदा रद्द केली होती. तेव्हा तोंडी सतत रिल्के असायचा. १९१२ साली या कवीने मनोविश्लेषण नाकारलं. आतले सैतान हाकलले तर देवदूतही बिथरतील, अशी त्याची धास्ती. त्याच महिन्यात त्याच्या गाजलेल्या विलापिका सुरू झाल्या, हे मी ठासून सांगायचो. त्या पुऱ्या व्हायला १९२२ उजाडलं, ते सोयीने गाळायचो.

शेवटी पणजीला गेलो. पहिल्याच दिवशी वडिलांची गोष्ट सांगितली, आणि झकास सांगितली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं जागच्या जागी. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे असंच आधी किती जणांना सांगितलंय?” माझी दातखीळ बसली. नंतरचे कित्येक गुरुवार मला धड वाक्य जुळवता आलं नाही. उपयोग झाला तो त्याच गुरुवारांचा.

विनिकॉट नावाचे ब्रिटिश मनोविश्लेषक मुलांबरोबर एक खेळ खेळायचे. ते कागदावर वेडीवाकडी रेघ ओढत, मूल तिचं काहीतरी करी. मग मूल रेघ ओढी, ते पुरी करत. १९७१च्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की मानसोपचार हे दोघांचं मिळून खेळणंच असतं. माझा अनुभव तोच. गुंता कोणी उपसून नेत नाही, रेघ तुम्हालाच पुरी करायची असते. परतताना बसस्टँडच्या वाटेवर, जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा लागतो. संमोहनाची झोप संमोहकाच्या शक्तीने येत नाही, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते, हे कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितलं होतं.

फुकटात काही झालं नाही, हेही सांगतो. चार महिने एक ओळ सुचली नाही. (रात्र-रात्र झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर कवितेचा हिशेब नंतर, आधी बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था गाठा, किंवा १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.) मग नवं नाटक उतरलं. माझ्या जुन्या प्रत्येक नाटकात बाप पहिल्या अंकात ओरडायचा आणि तिसऱ्यात मरायचा. यात तो न्हाणीघरात बेसूर नाट्यगीत गातो, मुलाकडे उसने पैसे मागतो आणि शेवटपर्यंत जिवंत राहतो. माझ्या मते मी लिहिलेला हा पहिला खरा माणूस.

जत्रेत प्रयोग झाला. पडदा पडल्यावर शेजारचे काका रंगपटात आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “औंदा बापूस मरूंक ना रे?”