नॅनो केमो फक्त गाठीवरच जाते, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, परळला केमो सुरू होणार आहे, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की पॉलिमरच्या नॅनोकणांत भरलेलं औषध थेट गाठीवर जातं, बाकी शरीराला धक्काही लागत नाही. मग डॉक्टरांकडे तेच मागावं का?

मी डॉक्टर नाही. माटुंग्याला पीएचडी करताना काही वर्षं हेच कण बनवत होतो, एवढाच माझा अधिकार. पीएलजीए नावाचं पॉलिमर असतं, टाक्यांचे आपोआप विरघळणारे धागे ज्या जातीचे असतात त्याच जातीचं. ते आणि औषध एका सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, पाण्यात सोडून ध्वनिलहरींनी घुसळायचं आणि सॉल्व्हंट उडवून लावायचा. उरतात साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे कण. शरीरात पॉलिमर हळूहळू तुटतं, तसं औषध बाहेर येतं. निदान कागदावर तरी. माझ्या कणांतलं बरंचसं औषध पहिल्या काही तासांतच बाहेर पडायचं, आणि सुकवून पुन्हा पाण्यात घातले की त्यांचा साबुदाणा व्हायचा. गाइडसमोर ती बाटली धरून उभं राहणं अजून आठवतं.

आता ‘थेट गाठीवर’चं बघू. ही कल्पना मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९८६ च्या कामातून आली. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. कण तिथून झिरपतात आणि अडकून राहतात. उंदरांत हे छान दिसतं. पण २०१६ मध्ये मागच्या दहा वर्षांचे प्रयोग, तेही मुख्यतः उंदरांवरचे, एकत्र तपासले तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. मोठा हिस्सा यकृत आणि प्लीहा गिळतात. विरार लोकलमध्ये बसलेले बहुतेक जण अंधेरी-बोरिवलीलाच उतरून जावेत, तसं. कणांवर पीईजी नावाच्या दुसऱ्या एका पॉलिमरचा थर दिला की ते रक्तात जास्त वेळ टिकतात, पण त्यांना पत्ता कळतो असं नाही.

मग उपयोग काय? माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी मेसेज पाठवत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं नेहमीचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून नेहमीच्या इंजेक्शनमध्ये एरंडेलापासून केलेलं क्रेमोफोर आणि अल्कोहोल असतं. रिअ‍ॅक्शनला बरेचदा ते क्रेमोफोर कारणीभूत असतं. म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची औषधं देतात आणि सलाईन बहुधा तीन तास चालतं. औषध कणांत बांधलं की क्रेमोफोर लागत नाही. दक्षिण कोरियात पॉलिमरच्या सूक्ष्म कणांतलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं मात्र अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं आहे, पीएलजीएसारख्या बनवलेल्या पॉलिमरमधलं नाही. ते अर्ध्या तासात जातं. हजारावर रुग्णांच्या चाचणीत त्याने गाठ आकसण्याचं प्रमाण ३३ टक्के होतं, साध्याचं २५. हातापायांच्या मुंग्याही कमी होत्या. पण हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स जास्त उतरले, आणि एकूण आयुष्यात खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. डोसीटॅक्सेल हे केमोचंच औषध भरलेले आणि गाठ ओळखणारा रेणू पत्त्यासारखा चिकटवलेले पॉलिमर कणही फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये चाचणीपर्यंत पोचले होते. ती अमेरिकन कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली.

त्यामुळे ‘नॅनो द्या’ असा हट्ट धरू नका, कर्ज काढून तर नकोच. त्याआधी बायोप्सीवर ईजीएफआर आणि एएलके ही जनुकं आणि पीडी-एल१ हे प्रथिन तपासलंय का ते विचारा. ईजीएफआरमध्ये बदल सापडला तर कदाचित गोळीवरच भागेल, आणि माझं हे सगळं पुराण तुमच्या कामाचं उरणार नाही. वडिलांना मधुमेह असेल, स्टेरॉइड झेपत नसेल किंवा आधी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर मात्र अल्ब्युमिनवालं चालेल का हे जरूर विचारा.

आणि साधं पॅक्लिटॅक्सेलच ठरलं तर पहिल्या दोन वेळा सलाईन सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं चहाला खाली जाऊ नका. रिअ‍ॅक्शन आली तर बहुधा तेव्हाच येते. चेहरा लाल झाला, छाती आवळली किंवा पाठीत कळ आली, की लगेच सिस्टरना हाक मारा.