वाचकांचे प्रश्न : मे महिन्यात गरवायला जाताना

प्रश्न : मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार मित्र रॉड-रील घेऊन मालवणला चाललोय. खडकावर बसावं की बोट करून आत जावं? आणि अ‍ॅपवर वारा कमी दाखवतोय म्हणजे समुद्र शांत असं धरायचं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : शेवटचं आधी घेतो. नाही, अजिबात धरायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पार दक्षिण हिंदी महासागरात वादळ झालं की तिथल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात, इथे माडाचं झावळं हलत नसलं तरी. केरळात कल्लक्कडल, म्हणजे वारा नसताना अचानक उसळणारा समुद्र, येऊन घरात पाणी शिरतं ते ह्याच लाटांचं. अ‍ॅपमध्ये वाऱ्याच्या खाली स्वेल पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, असतो तो बघा, ५-६ सेकंद असेल तर इथल्याच वाऱ्याची लाट, पण १४-१५ च्या वर गेला की उंची मीटरभरच दिसत असली तरी खडकाच्या टोकाला जाऊ नका, ही लाट बराच वेळ गप्प बसते आणि मग एकदम वर चढते. हैदराबादची इन्कॉइस संस्था अशा लाटांचा इशारा देते, तो निघायच्या आधी बघाच.

आता खडक की बोट. मी तर म्हणेन पहाटे बोट आणि संध्याकाळी खाडीचं तोंड. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा असतो, सुरमई नाहीतर कुपा लागला तर तेव्हाच, दुपारकडे वायव्येचा वारा धरतो आणि छोटी होडी आपटत आपटत येते, म्हणून दहाला परत फिरा. आंग्रिया बँक या समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळ पठारावर नेतो म्हणणारेही भेटतील, ती विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत आहे, मागे आउटबोर्ड इंजिन अडकवलेल्या छोट्या होडीचं ते काम नव्हे. आणि हवामान खात्याचा इशारा रोज बघा, २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ १६-१७ मेलाच कोकणासमोरून गेलं.

संध्याकाळी देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की बारकी मासळी बाहेर निघते आणि तांबोशी तिथेच टपलेली असते, लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, जाड लावा नाहीतर खडकात घुसून दोरी कापते. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा, अष्टमीला सहाच्या आसपास, पुनवेला अकरा-बारा, मग पुढे ओहोटी. आणि हो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, तिथे गळ टाकायचा नाही.

प्रश्न : १ जूननंतर किनाऱ्यावरून गळ टाकला तर बंदी लागते का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, किनाऱ्यावरच्या गरीला नाही. पण जूनच्या लाटा खडकावर उभंच राहू देत नाहीत, तेव्हा खाडीत आत सरका. जिवंत कोळंबी मिळाली तर तीच लावा, गढूळ पाण्यात लुअर, म्हणजे खोटं आमिष, माशाला फारसं दिसत नाही.