उन्हाळ कांद्याला काढणीआधी पाणी कधी तोडावं? शेवटचं खत कोणतं द्यावं?

शेवटचं खत कोणतंच नको. लागवडीला ९० दिवस झालेत आणि दुकानदार फुगवणीसाठी युरिया फेकायला सांगतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी हे. कांद्याचं नत्र ६० दिवसांच्या आत संपलं पाहिजे. लागवडीला एक हप्ता, ३० दिवसांनी दुसरा, ४५ दिवसांनी तिसरा, बस. नंतरचा युरिया पातीत जातो, मान, म्हणजे कांद्यावरचा पातीचा बुडखा, जाड होते आणि जाड मानेचा कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, सगळ्यात आधी सडतो. गंधक लागवडीच्या वेळी मातीत गेलं असेल तर ठीक, आता गोणी आणून काही होत नाही.

पाण्यावरून मात्र आमच्या घरात कायमचा वाद आहे. आम्ही वैजापूर तालुक्यातले, नांदूर मधमेश्वरच्या कालव्यावर आमचं रान. एका उन्हाळ्यात ऐन माना पडायला लागल्या, म्हणजे कांदा पिकून पात आडवी व्हायला लागली, आणि आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटलं. चुलते बांधावर येऊन म्हणाले, "चारीला आलेलं पाणी कुणी सोडून देतं का रे? भर वाफे." ज्या माणसाने टँकरच्या मागे हंडे घेऊन पळत उन्हाळे काढले, त्याला वाहतं पाणी सोडवत नाही, हे मला समजतं. पण मी म्हणालो, "नाना, माना पडल्यात. आता पाणी दिलं तर कांद्याला परत मुळ्या फुटतील, वरच्या सालीची पत्ती सुटेल." त्यांनी त्यांच्या वाटणीला रात्रभर दारं धरली. मी माझं बारं बंद ठेवलं.

रोप एकच, एन-२-४-१ वाणाचं, मधे फक्त बांध. काढणीला त्यांचा कांदा वजनात भरला, रंगालाही छान दिसला, आणि नानांनी ते गावभर सांगितलं. पोळ्यापर्यंत त्यांच्या चाळीखाली पाणी गळायला लागलं. निवडायला बाया लावल्या तरी वास हटेना. माझा कांदा गणपतीनंतर मोंढ्यावर गेला तेव्हा पत्ती कडक होती आणि कोंब नव्हता. नाना आजही म्हणतात, त्यांच्या चाळीला वारा लागला नाही. दोन्ही चाळी एकाच दिशेला, एकाच उंचीवर आहेत.

तर तुमचं असं करा. काळी जमीन असेल तर काढणीच्या तीन आठवडे आधी पाणी तोडा, मुरमाड असेल तर पंधरा दिवस पुरेत. निम्म्या माना पडल्या की उपटा. तीन-चार दिवस वाफ्यातच ठेवा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं अंथरा, नाहीतर ऊन कांदा भाजतं. मान तीन-चार सेंटीमीटर ठेवूनच पात कापा. मग दहा-बारा दिवस सावलीत, त्यानंतर चाळ.

हे सगळं साठवायच्या कांद्याचं. वाफ्यातूनच गाडी भरून विकणार असाल तर उशिराच्या पाण्याने वजन मिळतं, ते खोटं नाही. खरीप कांद्याच्या माना आपोआप पडत नाहीत, तिथे हा हिशोब लावू नका. पण चाळीत टाकायचा असेल आणि नेमकं आवर्तन आलं, तर ते पाणी जनावरांच्या घासाला द्या, उसाला द्या. नानांच्याही शेजारच्या वाफ्यात घास उभा होता.