चाक नाही, भट्टी नाही, तरी मातीकाम

प्रश्न : आमच्या वस्तीतल्या वीस मुलांसाठी दर रविवारी मातीकामाचा वर्ग घेतो. चाक नाही, भट्टी नाही. वाट्या वाळताना तडकतात, कपांचे कान गळून पडतात. काय चुकतंय?

उत्तर : चाकाची खंत करू नका, सुरुवात हातानेच चांगली होते. कुंभाराकडून तयार माती घ्या. मुलामागे अर्धा किलो, शिवाय दोन किलो जादा. माती पुरेशी लवचिक आहे का ते पाहायला तिची पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

वाटीसाठी संत्र्याएवढा गोळा घेऊन अंगठा मधोमध दाबायचा आणि गोळा फिरवत बाजू चिमटायच्या. मुलं काठ कागदासारखा पातळ करतात आणि तळ जाडच ठेवतात. काठ आधी वाळून आकसतो, तळ ओलाच राहतो, या ओढाताणीत तडा जातो. जाडी सगळीकडे 6 ते 8 मिलिमीटर ठेवा. दोन दिवस प्लास्टिकखाली सैल झाकून ठेवा, मग सावलीत वाळू द्या. ऊन अजिबात नको.

कान आणि कप सारखेच ओलसर हवेत. दोन्हीकडे काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा, दह्याएवढी दाट कालवलेली माती लावा आणि घट्ट दाबा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला कान टिकत नाही.

भाजायला मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे. इतरत्र जवळच्या कुंभाराला विनंती करा. भांडं गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. ते भट्टीत फुटेल, शेजारची भांडीही फोडेल. न भाजलेले तुकडे बादलीत भिजवा, माती पुन्हा वापरता येते. वर्गानंतर मात्र झाडू नका, ओल्या फडक्यानेच पुसा. मातीची धूळ मुलांच्या छातीत जाता कामा नये.