आधी वाचून दाखव

पोरी,

तुझा मेसेज आणि सोबतचा मसुदा दोन्ही वाचले. कमिटीतले एक म्हणतात एआयला हात लावायचा नाही, दुसरे म्हणतात सगळं त्याच्याकडूनच करून घे, आणि विडी कामगार बायकांच्या संघासाठीचा सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक निधीसाठीचा) प्रस्ताव महिनाअखेरीला इंग्रजीत जायचाय. वापरायचं की नाही यावर मी शाई घालवत नाही. वापर. पण कागद ज्या बाईबद्दल आहे तिला तिच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय तो ऑफिसबाहेर जाता कामा नये. या पत्रात माझा हट्ट तेवढाच आहे.

मसुदा बघ. आपण कर्नाटकात, पण प्रश्न मराठीत विचारलास म्हणून यंत्रानं तुला उचलून महाराष्ट्रात बसवलं. आपल्या बायकांना इथल्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये. मसुद्यात लाडकी बहीणचे १,५०० आलेत. संजीविनी या इथल्या बचतगटांच्या अभियानाच्या जागी उमेद, पीडीओच्या (पंचायत विकास अधिकारी) जागी ग्रामसेवक, पहाणी या इथल्या जमिनीच्या उताऱ्याच्या जागी सातबारा. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, आणि निपाणी थेट कोल्हापूर जिल्ह्यात! (सीमाभागातल्या जुन्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल, पण प्रस्तावात चालायचं नाही.) मराठीत सरकारी कामकाजाबद्दल जे लिखाण इंटरनेटवर आहे ते बहुतेक सगळं महाराष्ट्राचं. कर्नाटकाचं असतं ते कन्नडमध्ये. यंत्र भाषेवरून राज्य ठरवतं.

म्हणून चार ओळी करून ठेव आणि दर वेळी प्रश्नाच्या वर चिकटव: राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका निपाणी, संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखालची, योजनांची आणि अधिकाऱ्यांची इथली नावं, आणि ‘टिपणात नसलेला आकडा घालू नकोस, जागा रिकामी सोड’. एवढं करूनही घसरतं. चॅट लांबली की वरची सूचना मागे पडते. नवं काम नव्या चॅटमध्ये, ओळी पुन्हा चिकटवून.

आता ती कर्जबाजारी महिलांची टक्केवारी. तुझ्या टिपणात ती कुठंच नाही. प्रस्तावात अशा जागी टक्केवारी असते, हे यंत्रानं हजारो प्रस्तावांतून उचललंय, म्हणून त्यानं एक बसवून दिली. तुला ती खटकली नाही कारण ती इंग्रजीत होती आणि रुबाबदार दिसत होती. हेच बैठकीत वाचलं असतंस तर पहिली बाई म्हणाली असती, ‘आमच्यात मोजायला कोण आलं होतं गं?’

मजुरीचं तसंच. ती हजार विड्यांमागे असते. मसुद्यात ती दिवसाची झालीय. घरचं सगळं आवरून बसणाऱ्या बाईच्या दिवसाला हजार होतातच असं नाही, म्हणजे पुढचं उत्पन्नाचं अख्खं कोष्टक फुगलं. पानं ओली निघाली तर काय होतं, बाद केलेल्या विड्यांचे पैसे कुणाच्या अंगावर पडतात, यातलं एक अक्षर मसुद्यात नाही. हे यंत्राला कळणार नाही, मलाही नाही. त्यांनाच कळतं. म्हणून वाचून दाखव.

कसं? इंग्रजी मसुदा नव्या चॅटमध्ये टाक आणि मराठीत उलटा करून घे. मूळ टिपण तिथं देऊ नकोस, नाहीतर यंत्र त्यावरून चुका झाकून टाकतं. छापून घे. बैठकीत तीन-चार मिनिटांचा एक तुकडा वाच, थांब, विचार. प्रत्येक आकडा दोनदा. ‘अडीच लाख’चं यंत्राच्या इंग्रजीत कधी चुकून २.५ मिलियन होतं, म्हणजे पंचवीस लाख. बजेटमध्ये शब्द नको, २,५०,००० असं शून्यांसकट लिही. ज्यांची घरची भाषा कन्नड आहे त्यांना कन्नडमधून सांग. त्यांनी मान डोलावली म्हणजे कळलं असं धरू नकोस. त्यांच्या तोंडून परत ऐक.

बैठकीचं रेकॉर्डिंग यंत्राला देऊन प्रोसिडिंग लिहून घेतेस, ते चालेल. पण आपल्या बायका एका वाक्यात मराठीतून कन्नडमध्ये जातात आणि परत येतात. यंत्र एकच भाषा धरतं, दुसरीतलं गाळतं नाहीतर काहीतरी जुळवतं. शांततेच्या जागीही कधी कधी न बोललेलं वाक्य लिहून ठेवतं. ‘पावणेदोन हजार’ सहज बिघडतं. रक्कम ठरली की सेक्रेटरीनं ती मोठ्यानं एकेक अंक करून म्हणावी. फोन मधोमध ठेवलेला, पंख्यापासून लांब, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. ठरावाची वही मात्र शाईचीच, आणि सह्यांच्या आधी? वाचून दाखव.

सीडीपीओ (बालविकास अधिकारी) किंवा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसची जुनी कन्नड पत्रं चिकटवलीस आणि कचरा आला, तर यंत्राला दोष देऊ नकोस. ती बहुधा नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधली असतात, जसे आपले जुने अहवाल श्रीलिपीतले. आधी युनिकोडमध्ये बदलून घे.

आधार, पासबुक, रेशनकार्डाचे फोटो यंत्रात टाकायचे नाहीत. सेटिंगमध्ये ‘चॅट प्रशिक्षणासाठी वापरू नका’ केलंस तरी मजकूर आपल्या हातून गेलेलाच असतो. नुसतं नाव काढूनही भागत नाही: गाव, वय, विधवा, दोन मुली, देवळामागचं घर, एवढ्यावर अख्खं गाव तिला ओळखतं. गावाऐवजी तालुका लिही, वयाऐवजी ‘चाळिशीतली’. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय माणसाला द्यावी लागते. मराठी, कन्नड दोन्ही त्यात आहेत. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेत आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. मला विचारशील तर कायदा नसता तरी हेच.

आणि यंत्रानं काढलेली पुराची, रडक्या मुलांची चित्रं अहवालात नकोत. दूधगंगेचं पाणी पुन्हा चढेल तेव्हा तुझा खरा फोटोही कुणी खरा मानणार नाही. विड्या वळणारे हात, चेहरा न दाखवता, पुरेत.

तू म्हणशील, एवढं वाचत बसले तर यंत्रानं वाचवलेला वेळ गेलाच की! गेला. तो त्यासाठीच वाचवलाय. आमच्या पिढीनं बायकांबद्दल ढीगभर अहवाल लिहिले आणि त्यांना क्वचितच वाचून दाखवले. ही खोड यंत्राच्या आधीची, आमची. वेळ नव्हता असं आम्ही म्हणायचो. खरंच नव्हता, टाइप करायला एक माणूस, इंग्रजी येणारा एक, आणि तारीख उद्याची. तरी ते कारण आता मला पुरत नाही. तुझ्याकडे तर तेवढंही कारण नाही.

टक्केवारी काढून, मजुरी हजारावर आणून मसुदा परत पाठव. बैठकीत कुणी काय दुरुस्त केलं ते समासात हातानं लिहिलेलं हवं, आणि लाल शाईनं. निळं मला या चष्म्यातून नीट दिसत नाही.