बाळ स्लिंगमध्ये झोपतं, पण मान?

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. तिला घेऊन भांडुपहून दादरला माहेरी जाते. मावसबहिणीने रिंगची कापडी स्लिंग, म्हणजे बाळाला अंगाशी बांधायची झोळी, दिली आहे. तीत मुलगी मुटकुळं करून लगेच झोपते. सासूबाई म्हणतात, पोर गुदमरेल. स्लिंग वापरू की नको?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : सासूबाईंची भीती खरी आहे. मुटकुळं करून झोपते, हे वाचून मलाही काळजी वाटली. या वयात मान सावरता येत नाही. पाठीला बाक आला की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अशा वेळी बाळ रडेलच असं नाही, शांत झोपलंय असंच वाटतं. मुलांच्या वॉर्डात नर्स होते तेव्हा नव्या आयांना मी हेच बजावायचे, की शांत आहे म्हणून नजर काढू नका. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा आधीच्या २० वर्षांतले १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते. त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

स्लिंग वापरा, पण आडवं झोपवणं आजपासून बंद. तिला उभी, पोटाला पोट लावून, घट्ट बांधा. मान किंचित खाली केली की तिच्या टाळूचा पापा घेता यावा, इतकी वर. हनुवटीखाली तुमचं एक बोट सहज जायला हवं, आणि नाक-तोंड सतत दिसायला हवं. पाठीवर हलकं दाबून बघा. ती तुमच्याकडे आणखी सरकली, तर कापड सैल आहे, रिंगमधून ओढून घ्या. खुब्यांसाठी गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत. आधी घरात बांधून बघा आणि बाजूने हनुवटी बघायला सासूबाईंनाच उभं करा. स्लिंगमध्ये पाजलंत, तर पाजून झाल्याबरोबर पुन्हा उभी घ्या.

आता लोकल. ऊन-धूळ लागू नये म्हणून आपण बायका बाळाच्या तोंडावर ओढणी टाकतो, ते कृपा करून करू नका. मुंबईच्या दमट हवेत आत एक पातळ सुती झबलं पुरे, कारण स्लिंग हाही एक कपडाच. सकाळची गर्दी सोडून मधल्या वेळची स्लो लोकल घ्या. पुलाच्या पायऱ्यांवर एक हात कठड्याला. वाकायचं झालं, तर गुडघ्यांतून. स्लिंग घालून स्कूटरवर मात्र कधीही नाही, आणि गॅसजवळही नाही.

मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली असेल, वजन कमी असेल किंवा सर्दीने नाक चोंदलं असेल, तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. श्वास घेताना घुरघुर ऐकू आली किंवा ओठ निळसर दिसले, तर गाडीत असा नाहीतर फलाटावर, तिला तत्क्षणी बाहेर काढा, मान सरळ करा आणि थेट दवाखाना गाठा.